‘मिसोगॅमी’ म्हणजे लग्न न करणं नव्हे, आणि समर्थांना त्यात ओढू नका

माजघर :

परवा इथे मंचावर बाराबंदी यांनी ‘आजचा अवघड शब्द’ म्हणून ‘मिसोगॅमी’ दिला. अर्थ लिहिला : ‘लग्न न करण्याची विकृती’. वाक्यात उपयोग : ‘आजच्या पिढीला मिसोगॅमीने पोखरले आहे.’ उदाहरणं दोन. एक, समर्थ रामदास, पुढे कंसात ‘चांगल्या अर्थाने’. दोन, पस्तिशी उलटली तरी बोहल्यावर न चढलेल्या करिअरवाल्या मुली. त्यांच्यापुढे कंस नाही. खाली लाइकच्या अंगठ्यांचा पाऊस. मी तिथेच चार ओळी खरडायला बसले, त्या चारात मावेनात, म्हणून हा वेगळा धागा.

आधी शब्द. ग्रीक ‘मिसोस’ म्हणजे द्वेष, ‘गामोस’ म्हणजे विवाह. मोनोगॅमी, बायगॅमी यांतला शेपटाचा भाग तोच. इंग्रजीत शब्द आला सतराव्या शतकाच्या मध्याला, आणि तेव्हापासून बहुतेक वेळ कोशातच पडून आहे. पण त्याच्या पोटात द्वेष आहे, हे विसरून कसं चालेल? लग्न न करणं ही वस्तुस्थिती झाली, लग्नसंस्थेचा द्वेष ही भावना. दोन्ही एकाच माणसात सापडतील असं नाही. लग्नाला पंचवीस वर्षं झालेले, दोन-तीन लेकरांचे बाप, आणि दर रविवारी कट्ट्यावर पोरांना ‘अडकू नका रे’ म्हणून सांगणारे काका कोणी पाहिले नाहीत? खरे मिसोगॅमिस्ट ते. त्यांच्यावर कोणी पोस्ट लिहीत नाही. ज्याला लग्नाची नुसती धास्ती आहे त्याच्यासाठी गॅमोफोबिया हा निराळा शब्द आहे.

आता माझी आत्या घ्या. बँकेत होती, लग्न केलं नाही. घरातल्या सगळ्या भाच्या-पुतण्यांची रुखवतं तिच्या हातची, मंगलाष्टकं तोंडपाठ, आणि बैठकीत मानपानावरून फिसकटायला लागलं की तिलाच पुढे करतात. मागच्या चैत्रात आमच्याकडे हळदीकुंकू होतं. घरची सून ओळीने ओट्या भरत आली. आत्याला कुंकू लावलं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओंजळ अर्धी पुढे केली, थबकली, आणि ती ओंजळ शेजारच्या बाईच्या पदरात गेली. आत्याच तिला म्हणाली, ‘पुढे हो गं, पन्हं मी आणते.’ यात द्वेष कोण कोणाचा करतंय ते बाराबंदींनी सांगावं.

आणि समर्थ. ‘सावधान’ ऐकून मांडवातून निघून गेले ही कथा आपण सगळे शाळेपासून ऐकतो. पण याच माणसाने दासबोधाच्या बाराव्या दशकाची सुरुवात ‘आधी प्रपंच करावा नेटका’ अशी केली आहे, आणि लगेच पुढे प्रपंच सोडून परमार्थ कराल तर कष्टी व्हाल म्हणून बजावलं आहे. स्वतः केला नाही, पण जगाला नीट करा म्हणून सांगितलं. याला विवाहद्वेष म्हणायचं? चांगल्या, वाईट, कोणत्याच अर्थाने बसत नाही.

बाराबंदी :

माजघरताई, शब्दाचा कीस काढण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही. पण भाषा कोशातून चालत नाही, वापरातून चालते. एखाद्या गोष्टीकडे जाणूनबुजून पाठ फिरवणं हा द्वेषच की. त्यासाठी दात-ओठ खायला लागत नाहीत.

माझा सख्खा भाचा. अडतीस वर्षांचा, हिंजवडीत नोकरी, स्वतःचा फ्लॅट, पगार सांगितला तर तुम्हाला खोटा वाटेल. ‘मामा, मला गरज वाटत नाही.’ गरज! त्याच्या आईने सोळा सोमवार केले, नारायण नागबळी झाला, वधू-वर मेळाव्यांना जाऊन जाऊन तिच्या चपला झिजल्या. याला तुम्ही काय म्हणणार, वस्तुस्थिती? मी विकृती म्हणतो.

समर्थांच्या बाबतीत मी कंस घातला होता. तो आपण सोयीस्करपणे हसण्यावारी नेलात.

रताळे :

नागबळी भाच्याच्या पत्रिकेसाठी केला की मामाच्या?

तिरफळ :

दोघांचंही चुकतंय.

माजघर, तुम्ही व्युत्पत्ती सांगून थांबलात, पण हा शब्द ज्या लिखाणाला लावतात ते लिखाण उघडून तर बघा. रोमन कवी जुव्हेनल, सहावं उपहासकाव्य. मित्राला विचारतो, गळफासाला इतके दोर शिल्लक असताना तू बायको कशाला करतोस? पुढे शेकडो ओळी फक्त बायकांच्या खोडी. मग इ. स. ३९३ मध्ये संत जेरोम. जोव्हिनियन नावाच्या माणसाने विवाहित आणि ब्रह्मचारी यांची योग्यता सारखीच असं म्हटलं, म्हणून जेरोमने त्याच्यावर आख्खा ग्रंथ लिहिला. त्यात थिओफ्रास्टस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर एक उतारा आहे : घोडा, बैल, कपडे, भांडी सगळं पारखून घेता येतं, बायको तेवढी आधी दाखवत नाहीत. हाच माल युरोपात पुढे हजार वर्षं फिरला. इतका, की जुना इंग्रज कवी चॉसर याच्या कथेतल्या बाथ गावच्या बाईचा पाचवा नवरा असल्याच उताऱ्यांचं बाड तिला रोज रात्री वाचून दाखवतो. ती शेवटी त्याची पानं फाडते आणि तो तिला असं हाणतो की तिचा एक कान जातो.

म्हणजे विवाहद्वेष म्हणून जे काही लिहून ठेवलंय ते ९० टक्के स्त्रीद्वेष आहे. ‘संस्थेचा द्वेष’ वगैरे नंतरची रंगसफेदी. तुमचे कट्ट्यावरचे काका तरी कोणाबद्दल बोलत असतात? संस्थेबद्दल?

रताळे :

आपल्याकडे दाखवतात बरं का, थिओफ्रास्टसराव. कांदेपोह्यांसकट.

माजघर :

तिरफळ, ते ९० टक्के कुठून आणले ते विचारत नाही. पण तुमची यादी सगळी पुरुषांची आहे, मग दुसरं काय निघणार? त्याच युरोपात बाराव्या शतकात एलोईज होती. तिचा गुरू आणि प्रियकर आबेलार याने लग्नाचा घाट घातला तेव्हा विरोध तिने केला. पुढे मठातून लिहिलेल्या पत्रात तिने स्पष्ट म्हटलं की ‘पत्नी’ हे नाव जगाला जास्त पवित्र वाटत असेल, मला ‘मैत्रीण’ हेच गोड वाटत आलं. ही बाई स्त्रीद्वेष्टी?

आपल्याकडे यायचं तर रखमाबाई. अकराव्या वर्षी लावलेलं लग्न, मोठेपणी नांदायला नकार, १८८४ मध्ये नवरा दादाजी भिकाजी याचा मुंबई हायकोर्टात दावा. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंग चालेल. यात बायकांचा द्वेष कुठे आहे ते दाखवा.

तिरफळ :

विवाहाचा द्वेषही कुठे आहे ते तुम्ही दाखवा. रखमाबाईंचा नकार संमती न घेता बालपणी लावलेल्या त्या एका लग्नाला होता. ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांनी जी पत्रं लिहिली त्यांत बालविवाहावर हल्ला आहे, विवाहावर नाही. तुमच्याच मापाने त्या मिसोगॅमिस्ट ठरत नाहीत. समर्थांना एक न्याय आणि त्यांना दुसरा, असं चालणार नाही.

बाराबंदी :

वा! आणि हेही सांगा की १९०४ मध्ये दादाजी वारले तेव्हा रखमाबाईंनी विधवेचं पांढरं लुगडं धारण केलं. जे लग्न मानलंच नाही त्याचं वैधव्य मानलं. शेवटी संस्कार म्हणतात ते हेच.

तिरफळ :

किंवा विधवा म्हणून मिरवणं हे ‘टाकलेली’ म्हणून मिरवण्यापेक्षा सोपं होतं म्हणूनही असेल. तुम्हाला त्यांच्या मनातलं कळलं, मला नाही कळलं.

शेवगा :

मी खरा मिसोगॅमिस्ट. मला लग्नं आवडत नाहीत. बायकोबद्दल तक्रार नाही, संसाराबद्दल नाही, लग्नं. मे महिना आला की पोटात गोळा येतो. आमच्या घरासमोर मंगल कार्यालय आहे. डीजे सुरू झाला की कपाटातली काचेची भांडी आपोआप वाजतात. वरात दारातून जायला सव्वा तास. गेल्या हंगामात आमच्या वडिलांना छातीत धडधडायला लागलं म्हणून खाली जाऊन हात जोडले, तर नवरदेवाचा मामा म्हणतो, ‘काका, एकदाच होतं लग्न!’ अहो, त्याचं एकदा. माझ्या घरासमोर हंगामात रोज होतं.

निळी_शाई :

शेवगा गमतीत बोलले, पण खरी अडचण नेमकी तिथे आहे. मी मुद्रितशोधन करते, हा शब्द एका अनुवादात आला तेव्हा दोन दिवस अडून बसले होते. मराठीत ‘लग्न’ म्हणजे मांडवातला विधीही आणि पुढचा जन्मभराचा कारभारही. ‘लग्नद्वेष’ लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे पंगत आणि डीजे येतो. ज्योतिषाला तर लग्न म्हणजे पूर्वक्षितिजावर उगवणारी रास, त्याला वाटेल कोणीतरी कुंडलीवर रागावलंय. म्हणून मी ‘विवाहद्वेष’ केलं. लेखक म्हणाले फार जड झालं. तसंच ठेवलं.

खलाशी :

निळी शाई, अडचण मराठीपुरती नाही. ग्रीकमध्येही ‘गामोस’ म्हणजे लग्नाची मेजवानीसुद्धा. मी वसईचा, आम्हाला लहानपणापासून चर्चमध्ये काना गावच्या लग्नाची गोष्ट पाठ, द्राक्षारस संपतो आणि येशू पाण्याचा द्राक्षारस करतो ती. मूळ ग्रीक शुभवर्तमानात त्या लग्नाला शब्द ‘गामोस’च आहे. तेव्हा शेवगासाहेब, तुम्ही स्वतःला बेलाशक मिसोगॅमिस्ट म्हणवून घ्या.

जाता जाता : मी बरीच वर्षं ग्रीक मालकाच्या जहाजावर इंजिनात काढली. इंजिनरूममध्ये पाना पायावर पडला की त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघतो ‘गामोतो’. मूळ तेच, लग्न करण्याचं क्रियापद, फक्त हजारो वर्षांत घसरत घसरत शिवी झालं. ग्रीसमधल्या पिरेअस बंदरावर एका म्हाताऱ्या चीफ इंजिनिअरने मला हे समजावलं आणि वर म्हणाला, भाषेला सगळं ठाऊक असतं.

रताळे :

त्या चीफचं लग्न झालेलं होतं का?

खलाशी :

तीनदा.

पाटलाचा_वाडा :

डीजेचं काय घेऊन बसलात शेवगाभाऊ, आमच्या भागात या. पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे, मामा घामाघूम, भटजी मान खाली घालून. आणि स्टेजवर माईक : ‘आपल्या तालुक्याचे भाग्यविधाते यांचं आगमन होत आहे, त्यांचं स्वागत वधूपित्याने शाल-श्रीफळ देऊन करावं.’ मग दुसरे. मग कारखान्याचे संचालक. मग पंचायत समितीचे माजी सदस्य. प्रत्येकाला फेटा, प्रत्येकाचे आशीर्वादपर दोन शब्द. हातातल्या अक्षतांचा घामाने लगदा होतो. माझ्या चुलतभावाच्या लग्नात शेवटचं ‘सावधान’ झालं तेव्हा तीन वाजून गेले होते. समर्थांना आमच्याकडच्या मांडवात उभं केलं असतं तर ते पळाले नसते, चक्कर येऊन पडले असते.

माजघर :

विषय विवाहसंस्था आहे, मंगल कार्यालय नाही.

सुतरफेणी :

पुण्यातल्या लग्नांपेक्षा ते बरं म्हणायचं. तुमच्याकडे पाहुण्याला पोटभर वाढतात तरी. इथे साडेबाराला पहिली पंगत, दीडला व्यवस्थापक टेबलं आवरायला उभा. जिलबी विचारत फिरणारा वाढपी आपण ‘हो’ म्हणायच्या आत पुढच्या पानावर. आणि पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’, वर आपण खरंच नेला नाही की वर्षभर ऐकायचं.

शेवगा :

पुण्याचं नाव काढल्याशिवाय काही लोकांना अन्न पचत नाही. निदान आमच्याकडे लग्न वेळेवर लागतं.

पाटलाचा_वाडा :

वेळेवर लागतं कारण माणसंच येत नाहीत. दोनशे पानं आणि त्यातली निम्मी ऑफिसातली. आमच्याकडे गावजेवण असतं, जातीपातीचं कोणी विचारत नाही.

तिरफळ :

गावजेवणात जात विचारत नाहीत? कोणतं गाव हो तुमचं, आम्हीही येतो बघायला. माझ्या लहानपणी वेगळ्या पंगती मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात.

पाटलाचा_वाडा :

मॅडम, तुम्ही शहरात बसून गावाला शिव्या घालायच्या, हा तुमचा धंदाच झालाय. पुस्तकं वाचून गाव कळत नाही.

तिरफळ :

मी गावातच वाढले. कोणत्या पंगतीत बसून, ते विचारा.

कोरडवाहू :

तुमचं चालू द्या. मी दोन दिवस वाचतोय आणि डोकं तापतंय.

इथं कोणाला लग्नाचा द्वेष आहे म्हणून शब्द शोधायला लागले, कोणाला डीजेचा त्रास, कोणाला जिलबी मिळाली नाही. आमच्या गावात तिशी ओलांडलेली, लग्न न जमलेली पोरं मोजायला हाताची बोटं पुरत नाहीत. माझा धाकटा भाऊ चौतीसचा. सहा एकर, त्यात विहीर, व्यसन नाही. मुलीकडचे पहिल्यांदा विचारतात नोकरी आहे का. शेती करतो म्हटलं की चहासुद्धा गार होईपर्यंत थांबत नाहीत. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात पोरांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, बँड लावून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला होता, आम्हाला बायका द्या म्हणून. टीव्हीवर सगळे हसले. त्यातल्या कोणाला मिसोगॅमी झाली होती ते सांगा.

माजघर :

कोरडवाहूदादा, तुमच्या भावाची कुचंबणा मला कळते. पण एक विचारू का? २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. अख्ख्या महाराष्ट्रात ८९४. त्या मुली आज लग्नाच्या वयात येऊ लागल्या असत्या. आल्याच नाहीत.

कोरडवाहू :

ते माझ्या भावाने केलं का?

माजघर :

नाही. ‘आम्हाला बायका द्या’ हे मात्र बोचतंच. बायका काय रेशनवर मिळतात?

कोरडवाहू :

वाक्य चुकलं असेल मोर्चाचं. पोट भरलेल्याने उपाशी माणसाचं व्याकरण तपासू नये. तुमच्या आत्याला ओटी भरली नाही त्याचं वाईट वाटलंच मला, खोटं बोलत नाही. पण तिने स्वतः ठरवून केलं नाही. आमच्या पोराचं ठरवून झालेलं नाही. दोघांना एकाच धाग्यात ‘अविवाहित’ म्हणून बसवू नका एवढंच माझं म्हणणं.

सदाशिव_पेठी_नव्हे_नुसता_सदाशिव :

कोरडवाहूंनी बोट नेमकं ठेवलं. मी छप्पन्न वर्षांचा, बिनलग्नाचा. मला आजवर कोणी मिसोगॅमिस्ट म्हटलं नाही. म्हणतात, ‘त्याचं लग्न राहिलं.’ राहिलं! गाडी चुकल्यासारखं. मराठीत लग्न जमतं, ठरतं, लागतं, होतं, मोडतं आणि राहतं. माणूस ते करत नाही असा आव सगळा. ‘मी केलं नाही’ म्हटलं की समोरचा मनातल्या मनात दुरुस्ती करतो : झालं नाही.

कोरियन लोकांनी यावर उपाय काढलाय. त्यांच्याकडे लग्न अजून न झालेल्याला ‘मिहोन’ म्हणतात, ‘मि’ म्हणजे अद्याप नाही. त्यावर चिडून तिथल्या बायकांनी ‘बिहोन’ हा शब्द रुळवला : अद्याप वगैरे काही नाही, करणारच नाही. त्यात द्वेष नाही, फक्त निर्णय आहे. मला मिसोगॅमीपेक्षा तो शब्द जवळचा.

द्वेषाचंच विचाराल तर तो मला घरं शोधताना भेटला. जागा बघितली, अनामत ठरली, आणि सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, ‘आम्ही फॅमिलीलाच देतो.’ मी म्हटलं, माझे केस पांढरे झालेत, आता मी काय धिंगाणा घालणार? म्हणाले, ‘तसं नाही हो, पण सभासदांचं म्हणणं पडतं.’ शेवटी म्हाताऱ्या आईला गावाहून आणून बसवलं तेव्हा मी फॅमिली झालो.

बाराबंदी :

सदाशिवराव, तुमच्याबद्दल मला वैयक्तिक आदर आहे, पण कोरियाला जायची गरज नव्हती. आपल्या धर्मशास्त्रात हा भेद कधीचाच आहे. गुरुगृही राहून पुढे गृहस्थ होणारा तो उपकुर्वाण ब्रह्मचारी आणि आजन्म तसाच राहणारा तो नैष्ठिक. तुमचे मिहोन आणि बिहोन हेच झाले. पण घरचं सोडून सोलला जायचं, हल्ली फॅशनच आहे.

माजघर :

दोन्ही पुल्लिंगी आहेत, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

बाराबंदी :

आलं होतं, आणि तुम्ही हेच म्हणणार हेही आलं होतं. धर्मसूत्रकार हारीताने स्त्रियांचेही दोन प्रकार सांगितले आहेत, ब्रह्मवादिनी आणि लगेच लग्न करणारी ती सद्योवधू. ब्रह्मवादिनीला उपनयन, अग्निहोत्र, वेदाध्ययन. वाचत चला.

तिरफळ :

हा मुद्दा बाराबंदींना द्यावा लागेल. दिला. आता त्यांनी सांगावं की त्यांच्या पोस्टमधली पस्तिशीतली मुलगी ब्रह्मवादिनी का ठरत नाही आणि एकदम विकृत का ठरते.

बाराबंदी :

कारण ती वेदाध्ययन करत नाही, रील बघते.

रताळे :

भाचा काय करतो?

बाराबंदी :

रताळे, तुमच्याशी मी बोलत नाही.

निळी_शाई :

धर्मशास्त्र निघालंच आहे तर विठ्ठलपंतांचं काय ते बोला. बायकोला सोडून काशीला संन्यास घेतला. त्याबद्दल समाजाने त्यांना वाळीत टाकलं नव्हतं. गुरूंच्या आज्ञेने परत येऊन संसार मांडला तेव्हा टाकलं, आणि पोरांना ‘संन्याशाची पोरं’ म्हणून छळलं. ती पोरं कोण होती हे इथे सांगायला नको. म्हणजे मांडवाकडे पाठ करणाऱ्याचा राग आपल्याकडे नव्हताच. ठरवून दिलेल्या चौकटीतून इकडून तिकडे जाणाऱ्याचा राग.

बाराबंदी :

तो शास्त्राचा प्रश्न होता, द्वेषाचा नव्हे.

निळी_शाई :

मुंजीसाठी पोरं दारोदार फिरवली, तो कशाचा प्रश्न होता?

तिरफळ :

अविवाहितांवर दात धरणारे आपणच पहिले असं नाही. रोममध्ये इ. स. ९ मध्ये पापिया पॉप्पेया नावाचा कायदा झाला. लग्न न केलेल्यांचे वारसाहक्क कापणारे सम्राट ऑगस्टसचे कायदे आधीच होते, हा त्यांना जोडलेला. ज्या दोन कॉन्सलांच्या, म्हणजे त्या वर्षीच्या प्रमुख अधिकाऱ्यांच्या, नावाने तो झाला ते दोघेही अविवाहित. ऑगस्टसने सिनेटपुढे मेटेलस या जुन्या सेन्सॉरचं (नागरिकांची मोजणी आणि नीतिमत्ता पाहणारा अधिकारी) इ. स. पूर्व १३१ मधलं भाषणही वाचून दाखवलं होतं. त्याचा सूर असा : बायकांशिवाय जगता आलं असतं तर ही कटकट आपण सगळ्यांनीच टाळली असती, पण राज्य टिकवायचं म्हणून सहन करा. लग्नाची सक्तीही त्याच तोंडाने आणि लग्नाचा तिटकाराही त्याच तोंडाने. माजघर, यावरून मी माझं पहिलं म्हणणं थोडं सैल करते. विवाहद्वेष आणि विवाहसक्ती हे एकमेकांचे शत्रू नसतातच, एकाच घरात नांदतात. तुमचे कट्ट्यावरचे काका स्वतःच्या मुलीसाठी स्थळं बघतच असतात ना?

माजघर :

असतात. आणि बायोडेटात ‘घरगुती’ असं लिहितात. एवढं मान्य केल्याबद्दल आभार, जरी ९० टक्क्यांचा हिशोब अजून यायचाय.

तिरफळ :

८५ लिहून घ्या.

शेवगा :

ऑगस्टसने डीजेवर काही कायदा केला होता का?

पाटलाचा_वाडा :

रात्री दहानंतर बंदी आहेच की आताही. तक्रार कोण करतं? लग्न ज्याच्या घरचं त्याच्याच मांडवात फौजदार जेवायला असतो.

बाराबंदी :

माजघरताई, धाग्याला बऱ्याच फांद्या फुटल्या. मी माझी मूळ पोस्ट दुरुस्त केली आहे. ‘लग्न न करण्याची विकृती’ ऐवजी ‘विवाहसंस्थेविषयी द्वेष वा तिटकारा’ असं केलं. समर्थांचं उदाहरण काढलं, कंसासकट. तुमचं समाधान झालं असेल अशी आशा. भाच्याबद्दलचं माझं मत कायम आहे.

माजघर :

आणि करिअरवाल्या मुली?

बाराबंदी :

ते उदाहरण ठेवलं आहे.

माजघर :

म्हणजे समर्थांच्या बाजूने भांडायला दहा जण आले म्हणून ते सुटले. आणि अडतीस वर्षांचा घरचा भाचा उदाहरणात मुळात नव्हताच.

बाराबंदी :

तसं समजा.